दुसऱ्या बासरीचा श्वास

आमच्या वन्सं बाथरूममध्ये बासरी वाजवतात, त्यामुळे आमच्या घरी आंघोळीपेक्षा आंघोळीची वाट बघण्यात जास्त वेळ जातो. बाथरूमच का, तर तिथे खालपासून वरपर्यंत फरशी आहे आणि सूर गोल होऊन परत येतो, असं त्यांचं म्हणणं. लग्न होऊन मी या घरात आले, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी टूथब्रश हातात धरून बाहेर उभी होते. आत सूर चालू. दार वाजवलं तर उत्तर आलं, "एकच पान राहिलंय गं!" त्या पानामागे आणखी पान होतं आणि त्याच्यामागे आणखी. शेवटी मी स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये दात घासले. आजही तिथेच घासते. हार मानायचीच असेल तर लवकर मानावी, पुढचे दिवस सुखात जातात.

"वन्सं" हा शब्द मी चेष्टेने सुरू केला. नवऱ्याच्या बहिणीला आता असं कोण म्हणतं? जुन्या नाटकांतल्या सुना म्हणायच्या. पण ह्या वयाने थोरल्या, नावाने हाक मारायची सोय नाही, आणि 'ताई' माझ्या नवऱ्याने जन्मापासून अडवून ठेवलेली. म्हणून एकदा डोक्यावर पदर घेतल्याचं सोंग करून मी म्हटलं, "वन्सं, चहा घेता ना?" त्या इतक्या हसल्या की चहा नाकातून बाहेर आला. नाव चिकटलं ते चिकटलंच. आता त्यांच्या वाद्यवृंदातली माणसंसुद्धा "वन्सं आल्या का?" असंच विचारतात, आणि त्यांत अंगापिंडाने कपाटाएवढे पुरुष आहेत.

दिवसा वन्सं चष्म्याच्या दुकानात काम करतात. पुढे काउंटर, आरसे आणि मालक. मागे एक चिंचोळी खोली, त्यात काच घासायचं यंत्र, पाण्याची बारीक धार आणि वन्सं. फ्रेमच्या मापाने काच घासायची, कडा गुळगुळीत करायच्या, फ्रेम जराशी गरम करून काच आत बसवायची, फुंकर मारून पुसायची आणि उजेडासमोर धरायची. फुंकर हा त्यांचा धंदाच म्हणा ना, दिवसा काचेवर, संध्याकाळी बासरीवर. जेवणाच्या सुट्टीत मागे बासरी सुरू झाली की पुढे डोळे तपासायला बसलेली गिऱ्हाइकं भिंतीवरची अक्षरं तालात वाचायला लागतात. एका आजोबांनी तर सगळ्यात खालची ओळ, जी आजवर कोणालाही दिसलेली नाही, ती अशा ठेक्यात म्हणून दाखवली की मालक खूश होऊन "वा" म्हणाला. अक्षर एकही बरोबर नव्हतं.

ही बासरी म्हणजे बांबूची नव्हे. वाद्यवृंदातली, धातूची, चकचकीत, अंगभर चाव्या असलेली. हिच्यासाठी थोर थोर संगीतकारांनी काय काय लिहून ठेवलंय ते मी बाथरूमच्या दाराबाहेर उभी राहून शिकले. त्या रचनांची खरी नावं माझ्या लक्षात राहत नाहीत. नावात सूर काय, क्रमांक काय, त्या क्रमांकाला पुन्हा दुसरा क्रमांक काय! मी आपली घरगुती नावं ठेवली. एक आहे 'चक्री'. ती सुरू झाली की बासरी धूम पळत सुटते, श्वास घ्यायलाही थांबत नाही, आणि ऐकणाऱ्याला गरगरतं. वाजवणारीलाही गरगरतं, म्हणून वन्सं ती वाजवून झाल्यावर पालथ्या बादलीवर दोन मिनिटं बसून राहतात. दुसरं 'नवराबायको', बासरी आणि हार्प, म्हणजे ती माणसाएवढी उभी वीणा, यांचं. आधी बासरी बोलते, हार्प नुसती "हं, हं" करते. मग हार्प बोलायला लागली की बासरीला नेमकं मध्येच काहीतरी आठवतं. मग पाखरं. कुठल्याही संगीतकाराला पाखरू हवं झालं की बोलावणं बासरीलाच! आमच्या घरात सकाळी खऱ्या चिमण्या यायच्या, त्या आता येत नाहीत, बहुतेक कमीपणा वाटत असावा. एक संथ रचना आहे, तिच्यात म्हणे मेलेली पुण्यवान माणसं हिरवळीवर हळूहळू नाचताहेत. ती ऐकता ऐकता आमचे हे दरवेळी घोरायला लागतात, म्हणजे तेही पुण्यवानच असणार.

पण या सगळ्यांची राणी म्हणजे 'दुपारची झोप'. तिच्यात अख्खा वाद्यवृंद गप्प बसलेला असतो आणि बासरी एकटीच सुरू करते. सूर वरून हळूच घसरत येतो, परत वर जातो, परत घसरतो. जेवून आडवं झाल्यावर डोळे मिटतात, उघडतात, पुन्हा मिटतात, अगदी तसं. ते पहिलं वाक्य लांबलचक आहे, आणि बासरीवाल्यांच्या जगात ते एका श्वासात वाजवण्याला मान आहे. मध्ये श्वास घेतला तर गुन्हा होत नाही, पण लोक एकमेकांकडे बघतात.

आमच्या हौशी वाद्यवृंदात पहिली बासरी होती दाताच्या डॉक्टरांची आणि दुसरी वन्संची. पहिली बासरी म्हणजे वरचे सूर, एकट्याने वाजवायच्या जागा आणि शेवटी उभं राहून टाळ्या घेणं. दुसरी म्हणजे खालचे सूर आणि पहिलीला सांभाळून घेणं. डॉक्टर 'दुपारची झोप' एका श्वासात वाजवतात ही गावभर ख्याती. पेपरात फोटो आला होता, "एका श्वासाचे डॉक्टर" म्हणून. त्यांच्या दवाखान्यात दात काढायला गेलेले लोक तोंड उघडं ठेवूनच त्यांचं अभिनंदन करायचे.

एकदा मी वन्संची विसरलेली छत्री द्यायला तालमीला गेले आणि मंचाच्या बाजूच्या दारात उभी राहिले. डॉक्टरांची 'दुपारची झोप' चालली होती. वाक्याच्या मध्यावर बघते तर डॉक्टरांनी ओठ बासरीपासून सोडवले, खांदे वर केले, पोटभर श्वास घेतला आणि पुन्हा वाजवायला लागले. आणि सूर? सूर कुठे थांबलाच नाही! मी डोळे चोळले. मग वन्संकडे नजर गेली. त्यांच्या ओठाला बासरी होती, चेहरा असा भोळा की जणू नुसती पुसायला घेतली आहे.

घरी आल्यावर मी धरलंच. "वन्संऽऽ, तो मधला सूर कोणाचा?"

"कुठला गं?"

"मी बाजूने बघत होते."

त्या छत्रीशी खेळत राहिल्या. मग म्हणाल्या, "त्यांचा श्वास संपत आला की मी त्यांच्या सुराखाली हळूच शिरते. तोच सूर, तेवढाच हलका. ते श्वास घेऊन परत आले की मी निघते. दुसऱ्या बासरीने हे करायचंच असतं. तू एवढे डोळे का मोठे करतेस?"

"आणि टाळ्या एकट्या डॉक्टरांना? आयत्या बिळावर नागोबा!"

"नागोबा काय गं, चांगले आहेत ते. माझी अक्कलदाढ काढली तेव्हा दुखलंसुद्धा नाही."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण ज्या बाईला आपल्यावर अन्याय झालाय हेच पटत नाही तिच्या वतीने किती वेळ चिडून राहणार? चहा झाला आणि राग निवला.

पुढे घडलं ते ऐकावं ते नवल. दाताच्या डॉक्टरांचेच पुढचे दोन दात गेले. दिव्याखाली अंधार! नवे बसवले, दिसायला जुन्यापेक्षा सुंदर, पण ओठांची ठेवण बदलली आणि बासरीच्या वरच्या प्रत्येक सुराबरोबर शिटी यायला लागली. तालमीत कुकर लावल्यासारखं वाटायचं. डॉक्टरांनी स्वतःच पहिली खुर्ची सोडली. आणि नेमका त्या वर्षी कार्यक्रम ठरला होता तो फक्त बासरीचा. चक्री, नवराबायको, पाखरं, पुण्यवान माणसं, सगळी एका संध्याकाळी, आणि सुरुवात 'दुपारच्या झोपे'ने. पहिल्या खुर्चीसाठी निवड होणार, असं वाद्यवृंदाच्या संचालकांनी जाहीर केलं. हे संचालक छडी हलवून वाद्यवृंद चालवतात म्हणून आमच्यात त्यांचं नाव छडीसाहेब.

त्या रात्रीच्या जेवणात वन्संनी भाजीत दोनदा मीठ घातलं. "वन्सं, काय झालं?" मी विचारलं. त्यांचे कान लाल झाले.

"मला हवी आहे ती खुर्ची," त्या म्हणाल्या. "मला ते वाक्य सुरुवातीपासून वाजवायचंय गं. मी आजवर त्याचा फक्त मधला तुकडा वाजवलाय."

मी आणि हे एकमेकांकडे बघत राहिलो. ह्या बाईने कधी अमुक हवं असं म्हटलेलं आम्हाला आठवेना. दुकानात चपला घ्यायला नेलं तरी "तुला आवडतील त्या घे" म्हणणारी बाई. ह्यांनी ती खारट भाजी संपूर्ण खाल्ली, वर "छान झालीय ताई" म्हणाले. मी त्याच क्षणी ठरवलं, ही खुर्ची वन्संना मिळालीच पाहिजे. माझ्या ठरवण्याला कोणी विचारत नाही ही गोष्ट वेगळी.

निवड शाळेच्या सभागृहात झाली. परीक्षकांना कोण वाजवतंय ते कळू नये म्हणून मंचावर पडदा सोडतात, आणि पावलांच्या आवाजावरून बाई की पुरुष ते ओळखू नये म्हणून उमेदवारांना चपला-बूट कडेला काढून अनवाणी जावं लागतं. नावाने कोणालाच हाक नाही, फक्त नंबर. बोलायचं तर अजिबात नाही. चपला सांभाळायला आणि एकेकाला आत सोडायला कोणीतरी हवं होतं, तिथे मी हात वर केला. तेवढाच आपला पडद्यामागे शिरकाव.

उमेदवार तीन. नंबर एक शाळेतल्या संगीताच्या बाई. नंबर दोन अग्निशामक दलातला जवान, वाद्यवृंदात नुकताच आलेला, कपाटाएवढ्यांतला सगळ्यात मोठा. नंबर तीन आमच्या वन्सं. परीक्षक छडीसाहेब, दाताचे डॉक्टर आणि हार्प वाजवणाऱ्या आजी, ज्यांना ऐकू सगळं येतं पण सोयीप्रमाणे.

मंच एवढासा. वाजवणाऱ्याची खुर्ची मध्ये, आणि तिच्यापासून हातभर अंतरावर पुढच्या उमेदवाराची. मी त्यांच्या मागे, चपलांच्या राशीशेजारी.

संगीताच्या बाई आत गेल्या. सुरुवात बरी झाली, मग मध्ये श्वास घेतला, मग लगेच आणखी एक घेतला, आणि त्या मोठ्याने म्हणाल्या, "सॉरी!"

"बोलायचं नाही!" पडद्यापलीकडून छडीसाहेब ओरडले.

"हो सर, सॉरी सर!"

"अहो, आवाज कळतो ना!"

"मी नाहीये सर!"

वन्संनी माझा दंड एवढ्या जोरात धरला की बोटं उमटली. हसायला बंदी असते तेव्हाच हसू का येतं कोण जाणे. माझ्या नाकातून घुर्र असा आवाज निघाला, तो बहुतेक खुर्ची सरकल्यासारखा वाटला असावा.

मग जवान. जळत्या इमारतीला शिडी लावून चढणारा गडी, पण खुर्चीत बसला तो पाण्यात भिजलेल्या मांजरासारखा थरथरत. त्याने वन्संकडे बघितलं, वन्संनी मान डोलावून धीर दिला. दिला कशाला, असं मला वाटलं, पण तो त्यांचा स्वभाव. त्याने बासरी लावली. सूर छान होता हो, खोटं कशाला बोला. गोल, भरलेला. पण भीतीने त्याने सुरुवातीलाच अर्धी हवा उधळून टाकली होती. मध्यापर्यंत येईतो त्याची मान लाल, कान लाल, डोळे बाहेर. संपलं, मी मनात म्हटलं. आता तुटणार. पाय नाचायलाच लागले माझे.

पण तुटलं नाही. सूर तसाच पुढे सरकला, लोण्यासारखा, आणि वाक्य शेवटापर्यंत जाऊन अलगद विझलं. पलीकडून हार्पवाल्या आजी "आहा!" म्हणाल्या. माझं तोंड पडलं. काय दम आहे मेल्याचा, असं म्हणत मी वन्संकडे वळले.

वन्सं डोळे मिटून बसल्या होत्या. बासरी ओठाला.

त्यांनी डोळे उघडले. बासरीकडे बघितलं, जणू ती त्यांच्या हातात दुसऱ्याच कोणी आणून ठेवली होती. मग माझ्याकडे बघितलं. "अगं बाई," त्या ओठांनीच म्हणाल्या.

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात ते असं. शेजारचा श्वास संपला की ह्यांची बासरी आपोआप उठते, मग शेजारी डॉक्टर असोत की स्वतःचा प्रतिस्पर्धी. आपल्याच पायावर धोंडा, तोही सुरात! मला रडू यायला हवं होतं. पण वन्संचा तो चेहरा बघून मला हसूच फुटलं, आणि मला बघून त्यांना. आवाज करायचा नाही म्हणून मी ओढणीचा बोळा तोंडात कोंबला, त्यांनी बाही चावली, आणि आम्ही दोघी चपलांच्या राशीवर वाकून गदगदा हलत राहिलो. डोळ्यांतून पाणी. पोटात कळा.

जवान उठून आला, त्याच्याही डोळ्यांत पाणी. "वन्सं," तो कुजबुजला, "एका श्वासात! मला कळलंच नाही कसं झालं!"

"छानच झालं," वन्सं बाही तोंडात धरून म्हणाल्या. आम्ही पुन्हा कोसळलो.

अशा अवस्थेत त्या मधल्या खुर्चीत जाऊन बसल्या. अर्धा दम जवानाला देऊन झालेला, उरलेला हसण्यात गेलेला. पहिलाच सूर चिरकला. दुसऱ्यांदा सुरू केलं ते मध्येच लटपटलं. हात दाखवून अवलक्षण. त्या परत येऊन बसल्या तेव्हा हसू पार गेलं होतं. "गेली गं," एवढंच म्हणाल्या, आणि बासरीचं तोंड फडक्याने पुसत बसल्या, पुन्हा पुन्हा, चष्म्याची काच असल्यासारखं. माझा जीव तुटला.

"नंबर दोन!" छडीसाहेबांनी जाहीर केलं. "प्रश्नच नाही."

मी पडदा फाडून बाहेर जाणारच होते. वन्संनी मनगट धरलं. "एक शब्द बोललीस तर बघ. पोराचा आनंद बघ केवढा आहे."

तेवढ्यात डॉक्टरांचा आवाज आला, नव्या दातांतून, जरासा शिट्टीचा. "थांबा. नंबर दोनने ते वाक्य पुन्हा वाजवावं."

"का हो?" छडीसाहेब म्हणाले.

"मला ऐकायचंय. माझ्या ओळखीचं वाटलं काहीतरी."

जवान पुन्हा खुर्चीत बसला. आता तर त्याने बासरी आधी उलटीच धरली. वन्संचा हात स्वतःच्या बासरीकडे गेला. मी ती झडप घालून काढून घेतली आणि पाठीमागे लपवली.

"दे," त्या कुजबुजल्या.

"मुळीच नाही."

"अगं, घाबरलाय तो."

"आगीला घाबरत नाही, ह्यालाही नाही घाबरणार!"

सुरू झालं. तेच, छान, गोल, आणि मध्यापर्यंत मान लाल. या वेळी कोणीच आलं नाही. सूर बारीक झाला, थरथरला आणि बंद पडला. सभागृहात अशी शांतता की माझ्या पाठीमागची बासरी मलाच जड लागायला लागली. मग त्या शांततेत, नेमकं जिथे तुटलं होतं तिथून, उरलेलं वाक्य ऐकू यायला लागलं. गुणगुणलेलं. बाईच्या आवाजात. मी वन्संकडे बघितलं. बिचारीने स्वतःच्या तोंडावर हात दाबून धरला होता आणि हाताखालून ते येतच होतं.

पलीकडे कोणाची तरी खुर्ची करकरली. मग हार्पवाल्या आजी म्हणाल्या, "नंबर दोन बाई आहे की पुरुष?"

जवान हसायला लागला. मोठा माणूस, मोठं हसू, पडदा हलायला लागला. मी या वेळी ओढणीचा बोळा केला नाही. आमच्यामागे संगीताच्या बाई होत्या, त्याही "सॉरी, सॉरी" करत हसत सुटल्या. पायऱ्या चढल्याचा आवाज आला आणि डॉक्टरांनी पडदा सरकवला. न हसणारे ते एकटेच होते. त्यांनी वन्संच्या रिकाम्या हातांकडे बघितलं, माझ्या पाठीमागून डोकावणाऱ्या बासरीकडे बघितलं, आणि मागे वळून छडीसाहेबांना म्हणाले, "मी म्हटलं नाही, ओळखीचं आहे? तो मधला तुकडा माझ्याच वाक्यातला आहे. मी तो कधी वाजवलेला नाही. ह्या वाजवतात. मी एका श्वासाचा डॉक्टर नाही. एक माझा, एक ह्यांचा."

"पण पेपरात..." छडीसाहेब म्हणाले.

"पेपरात आलं तेव्हा मी गप्प बसलो. गोड वाटलं." डॉक्टर कोपऱ्यातल्या एका चपलेकडे बघत बोलत होते. नागोबा म्हटलं होतं मी त्यांना. त्या दिवशी मनातल्या मनात परत घेतलं, अर्धं तरी.

जवानाच्या डोक्यात आता प्रकाश पडला. "म्हणजे मगाशी पण...? तरीच! मी म्हटलं, एवढी हवा माझ्याकडे आली कुठून!" तो खुर्चीतून उठला आणि ती फडक्याने पुसून वन्संपुढे केली. "बसा, वन्सं. पहिल्यापासून वाजवा. आणि तुम्ही," हे मला, "बासरी द्या त्यांची."

आता पडदा नव्हता. परीक्षक समोर, बाकीचे मागे, सगळे बघताहेत. वन्संनी बासरी लावली. खाली केली. पुन्हा लावली. मी देवाचं नाव घ्यायचं विसरून नुसतं "वन्सं, वन्सं" करत होते. मग त्यांनी सुरुवात केली. एकटीने. वरून हळूच घसरत. मी ते वाक्य बाथरूमच्या दाराबाहेर शेकडो वेळा ऐकलेलं, पण दार नसताना पहिल्यांदाच. मध्यावर आल्यावर वन्सं थांबल्या, बासरीपासून ओठ काढले आणि सगळ्यांसमोर, ऐकू येईल असा, छानपैकी श्वास घेतला. मग पुढचं वाजवून संपवलं.

छडीसाहेबांनी चष्मा वर केला, तो वन्संनीच बसवून दिलेला होता. "मध्ये श्वास घेतलात."

"हो," वन्सं म्हणाल्या. "हवा होता."

"पण हे वाक्य एका श्वासात..."

"का म्हणून?" हार्पवाल्या आजींनी त्यांना अर्ध्यात तोडलं. "झोपलेला माणूस श्वास घेत नाही का? न घेणारा झोपलेला नसतो, तो गेलेला असतो. मी इतकी वर्षं ह्या वाक्याच्या शेजारी बसतेय आणि मला दरवेळी वाटायचं, कोणीतरी गुदमरतंय. आज पहिल्यांदा वाटलं, झोप लागलीय कोणालातरी. चहा कुठाय?"

तोच निकाल ठरला. जवानाने दुसरी खुर्ची मागून घेतली. दुसऱ्या दिवसापासून वन्सं त्याला सुराखाली कसं शिरायचं ते शिकवायला लागल्या, आणि आमच्या बाथरूममध्ये दोन बासऱ्या आणि एक अग्निशामक मावेनासे झाले. आमचे हे आंघोळीला शेजाऱ्यांकडे जायला लागले.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी मी आणि हे अगदी पुढच्या रांगेत बसलो होतो. छडीसाहेबांनी छडी उचलली आणि नुसती धरून ठेवली. सगळा वाद्यवृंद गप्प, आणि वन्सं सुरू झाल्या. वाक्य मध्यावर आलं तेव्हा मी बघितलं, शेजारी बसलेल्या जवानाची बासरी ओठाशी गेली होती. शिकवलेलं नीट लक्षात होतं त्याच्या. तो सुराखाली शिरायला तयार होता, हवा भरून. वन्संनी डोळ्याच्या कोपऱ्यातून त्याच्याकडे बघितलं आणि मान किंचितशी हलवली. नको. त्याने बासरी मांडीवर ठेवली. मग त्यांनी स्वतःचा श्वास घेतला, सावकाश, काही घाई नसल्यासारखा. अख्खं सभागृह थांबलं आणि त्यांचा श्वास पुरा व्हायची वाट बघत राहिलं. मग त्यांनी वाक्य पूर्ण केलं. हार्प झुळझुळत आली, मागून बाकीची वाद्यं उठली, आणि मला इतका आनंद झाला की मला तो आवरेना. मी हसत होते की रडत होते, मलाच माहीत नाही.

"काय झालं?" ह्यांनी घाबरून विचारलं.

"घेतला हो!" मी म्हटलं, चांगलं मोठ्याने. "त्यांचा त्यांनी घेतला!"

मागच्या रांगेतल्या बाई "शूऽऽ" म्हणाल्या. मी त्यांनाही वळून सांगितलं, "आमच्या वन्सं आहेत त्या."